काठीवरची पेंढी

कोट गडद हिरवा होता, जाड लोकरीचा, आणि अस्तराला अजून माणसाची ऊब होती. योलाननं तो नेहमीसारखा दोन्ही हातांनी काउंटरवरून ओढून घेतला आणि कॉलरवर टाचलेली पेंढी तिच्या अंगठ्यात घुसली. पेंढी म्हणजे केवढी, तर बोटभर. गव्हाच्या काडाच्या सात-आठ काड्या, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीनं आवळलेल्या. रक्ताचा एक थेंब आला, तो तिनं पटकन तोंडात घेतला, कारण परक्याच्या कोटाला डाग पडला तर नाटक सुटल्यावर कोण ऐकून घेणार. कोटवाल्या बाई मात्र थांबल्या. "लागलं का हो तुम्हाला?" म्हणाल्या. एकोणीस वर्षं योलान बुडापेस्टच्या या लहानशा नाट्यगृहात लोकांचे कोट टांगत होती. एकोणीस वर्षांत काउंटरच्या त्या बाजूनं कुणी तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं, कोट नीट टांगतेय की नाही एवढंच बघायचे. तिच्याबरोबर काम करणारी एटा लगेच पुढे वाकली आणि कानात सांगितल्यासारखं पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अहो, ह्याच त्या. केरेकेश आंब्रुशकाकांची मुलगी." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी योलानचा तोच हात, अंगठ्यासकट, दोन्ही हातांत धरला. "वडिलांना सांगा, आम्ही सगळे त्यांच्या पाठीशी आहोत. म्हाताऱ्या माणसानं आपल्या घरात मरायचं का चोरांच्या हातून?" योलाननं त्यांना दोनशे चौदा नंबरचा बिल्ला दिला. हात सोडवून घ्यायला तिला थोडा वेळ लागला, आणि तो वेळ तिनं स्वतःच लावला होता हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला किळस आली. पण किळस कशी, तर जेवण झाल्यावर मिठाई खाल्ल्याची असते तशी. आणखी एक तुकडा पुढे आला असता तर तिनं घेतला असता.

त्या हिवाळ्यात शहरभर पेंढ्याच पेंढ्या झाल्या होत्या. कोटावर, टोप्यांवर, मोटारीच्या आरशाला, पाववाल्याच्या काचेवर. ज्यांनी जन्मात द्राक्षमळा पाहिला नाही त्यांनीही लावल्या. आपण काय लावलंय हे त्यांना वर्तमानपत्रांनी समजावून सांगितलं होतं: मळ्याच्या तोंडाशी रोवलेल्या काठीवर गवताची पेंढी असली की परक्यानं आत पाऊल टाकायचं नाही, हा आपल्या वाडवडिलांचा कायदा. अर्धं सांगितलं होतं. उरलेलं अर्धं योलानला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. काढणी संपली की मालक पेंढी उतरवतो, आणि पेंढी उतरली की मळा मोकळा. मग वेलींवर राहिलेले, हुकलेले, पानांमागे दडलेले घड ज्याला हवे त्यानं वेचून न्यावे. त्याला सरवा म्हणत. टेकडीवरचे जिप्सी वर्षभर त्या सरव्याची वाट बघत. त्यातून त्यांचा मुरंबा व्हायचा, आंबट दारू व्हायची, पोरांची तोंडं आठवडाभर जांभळी असायची. काठीवर पेंढी असताना एकही जण आत यायचा नाही. बांधावर उभे राहायचे, रिकाम्या बादल्या घेऊन, थट्टामस्करी करत. म्हणजे सगळी गोष्ट एका पेंढीवर अडकली होती. त्या सोमवारी, ऑक्टोबरच्या शेवटाला, रोस्ताश देझो केरेकेशांच्या मळ्यात शिरला आणि केरेकेश आंब्रुशनं मळ्यातल्या कोठीच्या दारातून दुनळी बंदूक झाडून त्याला मारला, तेव्हा काठीवर पेंढी होती की नव्हती? होती, तर तो चोर होता आणि म्हातारा घाबरला होता. नव्हती, तर तो सरव्याला आलेला माणूस होता. पोलीस पोचेपर्यंत अर्ध्या गावानं मळा तुडवला होता, काठी मोडून पडली होती आणि पायाखालच्या काडावरून काहीच ठरत नव्हतं. देझोची बायको गिझी पोती घेऊन शंभर पावलं मागून येत होती. तिनं पोलिसांना सांगितलं, नव्हती. पोलिसांनी लिहून घेतलं आणि तिला विचारलं की आजवर तुझ्या घरातले किती जण तुरुंगात जाऊन आलेत.

पेंढी नव्हती. योलानला हे गिझीपेक्षा पक्कं ठाऊक होतं, कारण ती योलाननंच जाळली होती. आदल्या दिवशी, रविवारी, ती काढणीच्या शेवटच्या जेवणाला घरी आली होती. आई गेल्यापासून ते जेवण म्हणजे ती, वडील आणि सळईवर भाजलेली खारवलेली चरबी. वडील कोठीत पिंपाशेजारच्या बाकड्यावर झोपले होते. लाकडं ओलसर, कागद संपलेला, वारा असा की काडी पेटायच्या आत विझावी. तिनं इकडेतिकडे पाहिलं तर काठीवर पेंढी, वाळून कडकडीत. खालच्या ओळी तर सगळ्या उतरल्याच होत्या. टोकाकडच्या चार ओळी वडिलांनी गोड होण्यासाठी ठेवल्या होत्या, आठवड्याभरात त्याही उतरणार होत्या. तिनं काठी वाकवली, पेंढी ओढली, तारेसकट जाळात घातली. जेवून झाल्यावर दुसरी बांधू, असं मनात म्हटलेलंही तिला आठवत होतं, शब्दन् शब्द. मग चरबीचे थेंब पावावर धरताना, कांदा चिरताना, वडिलांचं गुडघ्याचं गाऱ्हाणं ऐकताना ते राहून गेलं. पाच वाजताची बस होती. बसमध्ये बसल्यावर हातांना धुराचा वास येत होता आणि तिला वाटलं होतं, छान गेला दिवस.

आता तिला त्या वासाशिवाय दुसरं काही सुचत नसे. कोट टांगता टांगता कुठल्या तरी फरच्या कॉलरला शेकोटीचा वास यायचा आणि तिचे हात खुंटीपाशी थांबायचे. माणूस मेला तो कशानं? छर्ऱ्यांनी मेला, सगळे सांगत होते. ती स्वतःला सांगायची, नाही, आळसानं मेला. माझ्या. एक पेंढी बांधायला किती वेळ लागतो? तीन वेढे आणि शेपूट खाली खोचायचं. हे तिला कुणी शिकवलं होतं तेही आता आठवायचं थांबत नव्हतं. टेकडीवरच्या मालकांना पेंढी नीट बांधता येत नसे. दोन पावसांत त्या सुटायच्या, म्हणून ते काम जिप्सींना देत. ज्यांना बाहेर ठेवायचं त्यांच्याकडूनच बांधून घ्यायची, एका मडकीभर रसाच्या बदल्यात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. देझोचा बाप बांधायचा, आणि शाळेत योलानच्याच वर्गात असलेला देझो, दहा वर्षांचा, कोठीमागे बसून तिला दाखवायचा. डावीकडून वेढा, दातानं ओढायचा, शेपूट वर नाही खाली, नाहीतर पाणी उतरतं. "वर खोचलंस तर गाठ रडते," असं म्हणाला होता. तिच्या वडिलांनी ते लांबून पाहिलं. संध्याकाळी आईला म्हणाले, पोरीचे केस तपास. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी तिचा बाक बदलून घेतला. योलाननं नवीन बाकावरून मागे वळून पाहिलं नव्हतं. तिला नवीन बाक आवडला होता, तो खिडकीजवळ होता.

वर्तमानपत्रांतला देझो वेगळाच होता. तो रात्री आला होता. वास्तविक सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन पडलं होतं, पण रात्र लोकांना बरी वाटली, दोन आठवड्यांत गिझी सोडून सगळे रात्रच म्हणू लागले. तो टोळीनं आला होता. टोळी म्हणजे गिझी आणि पोती. त्याच्याजवळ हत्यार होतं. हत्यार म्हणजे घडाचे देठ कापायचा, पात्याचं टोक मोडलेला चाकू, तो बादलीतच राहिला होता. पाववाली बाई योलानच्या पिशवीत न मागता खसखस भरलेल्या गोड पावाच्या दोन गुंडाळ्या टाकत म्हणाली, "त्यांना माणसासारखं वागवून बघितलं हो आपण, किती वर्षं." योलाननं गुंडाळ्या घेतल्या. रस्त्यात खाताना तिला सेवानिवृत्त हेडमास्तर आठवले. आदल्या वर्षी ते नातवंडांना घेऊन, काठीवर पेंढी ढळढळीत असताना, सरळ वेलींत शिरले होते, मुलांना मजा म्हणून. वडिलांनी कोठीतून पाहिलं आणि हसत बाहेर आले, हेडमास्तरांना वाइनचा पेला दिला, मुलांच्या टोप्या घडांनी भरल्या. तेव्हाही बंदूक त्याच दारामागे त्याच खिळ्याला होती. हे तिनं एटाला सांगून पाहिलं. एटा म्हणाली, "हेडमास्तर आणि जिप्सी एकच का गं? काहीतरीच तुझं." आणि मग डोळे बारीक करून, "कोर्टात असलं बोलू नकोस हं."

कोर्टात बोलायचंच होतं. मार्चमधल्या एका गुरुवारी तिची साक्ष होती, कारण रविवारी काठी शेवटची बघणारी घरची माणसं दोनच, आणि त्यातला एक आरोपी. सगळा हिवाळा तिनं झोपेशिवाय काढला आणि फेब्रुवारीअखेर ठरवलं की खरं सांगायचं. ठरल्यावरही झोप आली नाही, पण नाट्यगृहात ती ताठ उभी राहू लागली. लोक हात हातात घेत तेव्हा तिला मनात वाटे, घ्या, गुरुवारनंतर तुम्ही थुंकणार आहात माझ्यावर. त्या थुंकण्याचीही तिला थोडी ओढ लागली होती, हे कबूल करायला हवं. माझ्या हातून एक माणूस मेला, असं सगळ्यांसमोर म्हणणारी बाई तिला आरशात दिसायची आणि ती बाई कोट टांगणारी नसायची. तेवढं एकदा वडिलांच्या कानावर घालायचं, म्हणून ती शनिवारी गावी गेली.

वडील खिडकीशी बसले होते. कोर्टानं त्यांना घरीच राहायला सांगून पायाला कडं अडकवलं होतं. अंगणाच्या फाटकापलीकडे गेलं की ते कडं बोंबलायचं. समोरच्या उतारावर त्यांच्या मळ्यात पन्नासेक माणसं छाटणी करत होती. तीन जिल्ह्यांतून दोन बस भरून आलेली, सगळ्यांच्या कोटांवर पेंढ्या, कुणीतरी बाजा आणलेला. म्हातारा एकटा, छाटणी कोण करणार, म्हणून लोक आपणहून आले होते. "बघ, बघ त्या टोपीवाल्याकडे," वडील दात ओठ खात म्हणाले. "फांदीला दोन डोळे ठेवायचे तिथं चार ठेवतोय. भिकारडे. तीन वर्षं पीक धरणार नाहीत वेली. पण बोलायची सोय नाही, प्रेमानं आलेत ना." त्यांनी पावाचा तुकडा मोडला, चरबीत बुडवला, तिला दिला. ती तो हातात धरून उभी राहिली.

"बाबा, पेंढी मी जाळली. रविवारी. जाळ पेटेना म्हणून."

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"रात्री कोठीतच झोपलो होतो, सोमवारी सहाला उठलो. मुतायला बाहेर आलो तर काठी नागडी. राखेत तार पडलेली. तुझ्याशिवाय कोण एवढं बावळट आहे?" ते अजून खिडकीबाहेरच बघत होते. "आता त्याला कातर उलटी धरलेली कळत पण नाहीये बघ."

"मग तुम्ही दुसरी का नाही बांधलीत?"

"बांधणार होतो. काड काढलं की कोठीतून. हातात घेतलं." त्यांनी हात उघडून दाखवला, जणू काड अजून त्यात होतं. "मग म्हटलं, राहू दे. बघू कोण येतं. खुर्ची टाकून बसलो. सातला कुणी नाही, आठला कुणी नाही. नऊला वाटलं, आज नशीब नाही. दहाला आला."

योलाननं पाव टेबलावर ठेवला. बाहेर बाजा वाजत होता. ती काही विचारणार नव्हती, पण वडीलच बोलत राहिले, गुडघ्याच्या गाऱ्हाण्याच्या सुरात. "काठीपाशी थांबला. वर बघितलं, खाली बघितलं. मला दारात पाहिलं तर टोपी काढली. म्हणाला, आंब्रुशकाका, मी देझो. पेंढी उतरवलीत ना, येऊ का? काका म्हणतो मला. मी म्हटलं, ये."

"तुम्ही ये म्हणालात?"

"आत आल्याशिवाय कसं मारणार? बाहेर मारला तर खून होतो." त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा मान वळवली. डोळे लहान मुलासारखे स्वच्छ होते. "चाळीस वर्षं, पोरी. चाळीस वर्षं मी पेंढी लावायची आणि त्यांनी बांधावर उभं राहून हसायचं. म्हातारा आज ना उद्या काढतोच की, असं. जसं काही मी त्यांच्यासाठीच पिकवतोय. माझी काठी, माझी पेंढी, आणि वाट बघून बघून हक्क त्यांचा झाला. एकदा तरी कळू दे म्हटलं, मळा कुणाचा आहे ते." मग पुन्हा खिडकीकडे वळून, "तू कोर्टात काय सांगायचं ते सांग. मी काही तुला अडवणार नाही. म्हातारा झालोय मी. पाव खा, निवतोय."

परतीच्या बसमध्ये योलान भीतीची वाट बघत बसली. यायलाच हवी होती ती. बापानं माणसाला ये म्हणून बोलावलं आणि मारलं. असं ऐकल्यावर माणसाला काय काय होत असेल ते सगळं तिनं मनात तपासून पाहिलं, हरवलेला बिल्ला शोधताना प्रत्येक खिसा उलटा करतात तसं. काही सापडलं नाही. एकच गोष्ट हाताला लागत होती आणि ती पुन्हा पुन्हा लागत होती: मग माझं काही नव्हतंच. वडिलांनी सहाला पाहिलं होतं. सहा ते दहा म्हणजे चार तास. चार तास काड हातात होतं. तिच्या आळसाला या सगळ्यात कुठं जागाच उरली नाही. ती पाच महिने जी बाई होऊ बघत होती, आपल्या हातून माणूस मेला असं सांगणारी, ती बाई बसच्या काचेतून मागे मागे जात दिसेनाशी झाली, आणि तिच्याबरोबर हातांचा धुराचा वासही गेला. डोंगरांमागं ऊन उतरत होतं. योलानला एकाएकी सणकून भूक लागली. पाव खिशात घालून आणला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग तिला झोप लागली, ऑक्टोबरनंतरची पहिली, इतकी गाढ की बुडापेस्टच्या थांब्यावर ड्रायव्हरनं खांद्याला हलवून उठवलं.

गुरुवारी कोर्ट खचाखच भरलं होतं. दारावर पेंढ्या काढून ठेवायला लावल्या होत्या आणि त्यांचा ढीग शिपायाच्या टेबलावर पडला होता. वडील स्वच्छ दाढी करून, लग्नाच्या काळ्या कोटात बसले होते आणि मागच्या बाकांवरच्या बायका त्यांच्याकडे बघून सुस्कारे टाकत होत्या. गिझी दुसऱ्या बाजूला एकटी. तिच्या शेजारी दोन्हीकडे जागा होती तरी लोक भिंतीला टेकून उभे होते. तिच्या पायांत पुरुषी बूट होते, आकाराला मोठे. ते कुणाचे असावेत याचा विचार योलाननं केला नाही. तिला इतकं हलकं वाटत होतं की विचार टेकायलाच तयार नव्हता.

"रविवारी संध्याकाळी तुम्ही निघालात तेव्हा काठीवर पेंढी होती का?" वडिलांच्या वकिलांनी विचारलं.

"होती," योलान म्हणाली. शब्द तोंडातून असा आला की जणू तो तिथंच तयार ठेवलेला होता.

"मजबूत? की वाऱ्यानं पडेल अशी?"

"आमच्या पेंढ्या पडत नाहीत."

न्यायाधीश बाई तरुण होत्या, शहरातल्या. ही पेंढी म्हणजे नक्की काय, वाऱ्यानं सुटते की नाही, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. वकिलांची तयारी होतीच. त्यांनी पिशवीतून गव्हाच्या काडाची मूठ आणि एक काठी काढली. बांधून दाखवा, म्हणाले. योलाननं काड टेबलावर ठोकून सारखं केलं. डावीकडून वेढा, दुसरा, तिसरा. ओढायला तिनं मान वाकवून दात लावले. शेपूट खाली खोचलं. मग काठी उलटी करून तीन-चारदा जोरात झटकली. एक काडी हलली नाही. मागून कुणाच्या तरी टाळ्या वाजल्या आणि शिपायानं हात वर केला. न्यायाधीश बाईंनी पेंढी हातात घेतली, ओढून बघितली, मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. योलानला आपल्या हातांचा अभिमान वाटला. इतक्या लोकांनी तिचे हात एका वेळी कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात गिझी उठून उभी राहिली. ती ओरडली नाही. पेंढीकडे बघत, जसं कुणाला रस्त्यात ओळखावं तसं, ती हळू म्हणाली, "ही देझोची गाठ आहे."

आवाज पुढच्या दोन बाकांपलीकडे गेला नाही. शिपाई तिला खाली बसवायला धावला. न्यायाधीश बाईंनी डोकं वर केलं. "काय म्हणाल्या त्या?"

वकील काही बोलायच्या आत योलान वळली. गिझी तिच्याकडे बघत होती, रागानं नव्हे, उत्तराची वाट बघत. ते डोळे किती वेळ सहन करावे लागतील याचा योलाननं अंदाज घेतला. फार वेळ नाही.

"गाठ चांगली बसलीय, म्हणतायत," ती म्हणाली.

मागच्या बाकांवर थोडा हशा पिकला. न्यायाधीश बाईही जराशा हसल्या आणि त्यांनी पुढच्या साक्षीदाराला बोलवायला सांगितलं. बाहेर पडताना दारात उभ्या असलेल्या एका बाईंनी शिपायाच्या ढिगातून आपली पेंढी शोधून आणली. ती सुटली होती, काड्या विखुरल्या होत्या. "तुम्ही एवढी सुरेख बांधता," त्या संकोचत म्हणाल्या, "माझी नीट करून द्याल?" योलाननं पर्स खांद्यावर सरकवली, काड्या घेतल्या आणि तिथंच पायरीवर उभी राहून पहिला वेढा घातला. मागे रांग लागली होती.